बोट फेरीवर गेली आहे

थेक्लाच्या धाकट्या मुलीला जुळी झाली ते वर्ष १९९६. त्याच वर्षी थेक्लाच्या भावाने, नॉर्बर्टने, वेस्टकॉट बेंड गावाच्या नदीकाठी एक खड्डा खणला. बुलडोझर चालवणं हा त्याचा धंदाच होता. आयुष्यात त्याने शेकडो खड्डे खणले, पण हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत बिनडोक, असं तो स्वतःच म्हणायचा. मिसूरी राज्याचा कायदा असा की फाशांचा आणि यंत्रांचा जुगार जमिनीवर चालायचा नाही, पाण्यावर चालेल, आणि ते पाणी नदीपासून हजार फुटांच्या आत पाहिजे. चर्चच्या तळघरातला बिंगो आणि पेट्रोल पंपावरचं लॉटरीचं तिकीट यांची गोष्ट वेगळी. बाकी सगळं नदीवर. म्हणून कंपनीने मक्याच्या शेतात खड्डा खणून घेतला, पंप लावून त्यात नदीचं पाणी सोडलं, पाण्यावर लोखंडी तराफे ठेवले आणि तराफ्यांवर भिंती, छप्पर, गालिचे, झुंबरं चढवून त्या सगळ्याला बोट म्हटलं.

"मी खड्डा खणला आणि सरकारने त्याला नदी म्हटलं," नॉर्बर्ट सांगायचा. "आता एखादा पाद्री आणा म्हणजे तो त्याला समुद्र म्हणेल."

गावानेही बोटच म्हणायला सुरुवात केली. कसिनो हा शब्द कोणाच्या तोंडात बसलाच नाही. अमकी बोटीवर गेली, तमका बोटीवर कामाला लागला, असंच लोक बोलत. बोट मात्र जागची हलली नाही. हलणार कुठे, खड्ड्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. तरी पहिल्या काही वर्षांत कायद्याला फेऱ्या पाहिजे होत्या. दर दोन तासांनी भोंगा वाजायचा, पाऊण तास लोकांना आत घ्यायचे, मग आत शिरायचं दार बंद, आणि फलकावर अक्षरं लागायची की बोट फेरीवर गेली आहे. आतल्या माणसाला वाटेल तेव्हा उठून बाहेर येता येई. बाहेरच्याला मात्र पुढची फेरी होईपर्यंत आत जाता येत नसे. लोक हसायचे आणि रांगेत उभे राहायचे.

या फेऱ्यांवर नॉर्बर्टची दुसरी बहीण इर्मा वर्षभर होती. शाळेच्या स्वयंपाकघरात ती सकाळी सहाला लागायची, एक वाजता सुटायची आणि दोनच्या फेरीला बोटीवर हजर असायची. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात घड्याळ वाजायचं, आणि तिकडे यंत्रं वाजायची. तिला यंत्रं बरी वाटली.

ऑक्टोबर १९९७ मध्ये एका गुरुवारी दुपारी त्यांच्या आईला थेक्लाच्या घरी झटका आला. थेक्लाने इर्माच्या घरी फोन केला, शाळेत केला, आणि शेवटी बोटीवर केला. तिथल्या मुलीने नेमून दिलेलं वाक्य गोड आवाजात वाचून दाखवलं, "बोट फेरीवर गेली आहे मॅडम. परत आल्यावर निरोप देऊ."

थेक्ला म्हणाली, "अगं बये, ती बोट मला माझ्या खिडकीतून दिसतेय."

"हो मॅडम. परत आल्यावर निरोप देऊ."

बोट परत यायच्या आत आई गेली. ते वाक्य थेक्लाने पुढे बारा वर्षं जपून ठेवलं. अंत्यविधीच्या वेळी चर्चच्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत, ती इर्माला म्हणाली, "झाली का गं तुझी फेरी?" मग बोलणं बंद. नाताळला नॉर्बर्टच्या घरी दोघी एकाच टेबलावर बसत आणि मीठ मागायचं असलं तरी नॉर्बर्टमार्फत मागत.

"इर्मा, थेक्लाला मीठ पाहिजे."

"माझ्या हाताचं चालेल का विचार तिला."

"चालेल का विचारतेय, थेक्ला."

"नसेल चालत तर अळणी खाईन म्हणावं."

बोलणं बंद झाल्यावर पंधरा दिवसांत इर्मा आपल्या पायांनी बोटीच्या कचेरीत गेली होती आणि स्वतःवर जुगाराची बंदी घालून घेणाऱ्यांच्या राज्याच्या यादीत तिने नाव घातलं होतं. ही यादी ज्याची त्यानेच भरायची असते. फोटो काढतात, सही घेतात आणि समजावून सांगतात की आता राज्यातल्या कुठल्याही बोटीवर पाय ठेवलात तर परक्याच्या आवारात घुसल्याचा गुन्हा, पोलीस पकडणार. त्या काळी ती सही मरेपर्यंतची होती. तिने सही केल्याचं थेक्लाला कळलं तेव्हा ती नॉर्बर्टला म्हणाली, "आई गेल्यावर दार लावलंन का."

हे सगळं जुनं झालं. फेऱ्यांचा नियमही पुढे सरकारने काढून टाकला. मग थेक्लाचा नवरा गेला, मुली दूर गेल्या, आणि एका हिवाळ्यापासून थेक्ला दर मंगळवारी बोटीच्या बसने जाताना दिसू लागली. मंगळवारी साठीच्या पुढच्यांना बोटीवर जेवण फुकट होतं. "तिथला तळलेला कॅटफिश चांगला असतो," ती चर्चमधल्या जपमाळेच्या बायकांना सांगायची. इर्माच्या कानावर हे आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कॅटफिश खायला तिला पाच तास लागतात. काटे काढत असेल."

ईस्टरनंतरच्या मंगळवारी, २००९ साली, नॉर्बर्ट तालुक्याच्या इस्पितळात होता. फुप्फुसं पाण्याने भरली होती. उशाशी त्याची मुलगी जोलीन आणि इर्मा. बारा वाजता डॉक्टर जोलीनला बाहेर घेऊन गेला, आणि परत आली तेव्हा जोलीनचा चेहरा वाचायला शिकलेलं माणूस लागत नव्हतं.

"दोन तास," ती हळूच म्हणाली. "फार तर तीन."

नॉर्बर्टने डोळे उघडले. "थेक्ला कुठंय?"

जोलीनने इर्माकडे पाहिलं. थेक्लाचा फोन सकाळपासून बंद होता, आणि मंगळवार होता. ती बोटीवर आहे, हे वाक्य बारा वर्षांत पहिल्यांदाच इर्माच्या हातात आलं होतं. तिने ते जिभेवर आणलं. चव चांगली होती.

"येतेय," ती म्हणाली.

"दोघी या," नॉर्बर्ट म्हणाला. "एकत्र. मला मीठ द्यायला लावू नका आता."

"मी जाते तिला आणायला," इर्माने जोलीनला सांगितलं. "कुठे बसली असेल मला माहीत आहे."

"तुला आत कुठे जाता येतं, इर्मा आत्या?"

"दारापर्यंत येतं."

वीस मिनिटांत ती पोचली. बोटीचा पुढचा भाग जमिनीवर आहे. तिथे जेवणाची जागा, भेटवस्तूंचं दुकान, कोट ठेवायची खोली. तिथवर कोणीही जावं. पुढे गालिच्यात एक पितळी पट्टी आडवी बसवलेली आहे, हातभर रुंद. पट्टीच्या अलीकडे मिसूरीची जमीन, पलीकडे बोट. गालिचा दोन्हीकडे एकच, छत एकच. पण पट्टीवर उभं राहिलं की पायाखाली बारीक थरथर लागते, कारण खाली पाणी आहे.

पट्टीशी रॉयस टीटर उभा होता, गणवेशात, पोट पट्ट्याबाहेर. लहानपणी शाळेत इर्माने त्याला सहा वर्षं जेवण वाढलं होतं.

"मिस इर्मा," तो म्हणाला, "पुढे येऊ नका हं."

"येत नाही. थेक्लाला बोलाव. तिचा भाऊ जातोय म्हणावं."

"मला जागा सोडता येत नाही. आणि भोंग्यावर नाव पुकारायचं नाही असा नियम आहे. कोणाच्या बायकोला कळतं, कोणाच्या नवऱ्याला कळतं, मग भांडणं."

"मग कोणाला तरी पाठव."

त्याने पेय वाटणाऱ्या एका मुलीला पाठवलं. इर्माला पट्टीवरून थेक्ला दिसत होती. तिसरी रांग, लाल स्वेटर, पाठ इकडे. शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली होती, तीही खुर्ची आपलीच असल्यासारखी. मुलगी वाकून बोलली. थेक्लाने मान वळवली, पट्टीपर्यंत नजर आणली, इर्माला नीट पाहून घेतलं आणि मान परत यंत्राकडे फिरवली.

मुलगी परत आली ती तोंड पाडून.

"काय म्हणाली?"

"मला सांगायला बरं नाही वाटत."

"तुला कोणी बरं वाटून घ्यायला सांगितलंय. बोल."

"म्हणाल्या, भाऊ नाताळात पण मरत होता. मी खेळते ते तिला बघवत नाही म्हणून आलीये. एवढी घाई असेल तर आत येऊन तोंडावर सांग म्हणावं."

रॉयसने जमिनीकडे पाहिलं. नाताळात खरंच नॉर्बर्टला एकदा इस्पितळात नेलं होतं आणि तो चार दिवसांत बिअर मागत घरी आला होता. पण थेक्लाला काय म्हणायचं होतं ते इर्माला कळलं. आत येऊन सांग, कारण तुला आत येता येत नाही.

"पुन्हा पाठवू?" रॉयसने विचारलं.

"पाठव."

दुसऱ्यांदा थेक्लाने मानही वळवली नाही. नुसता हात वर करून माशी हाकलावी तसा हलवला.

इर्मा वळली आणि दाराकडे चालू लागली. आपण केलं तेवढं केलं, असं तिने स्वतःशी म्हटलं. जाऊन नॉर्बर्टपाशी बसावं. संध्याकाळी बस थेक्लाला तिच्या दारात सोडेल, फोन सुरू होईल, आणि जोलीन तिला सांगेल. मग चर्चच्या पायरीवर आपण उभं राहू आणि विचारू, झाली का गं तुझी फेरी. बारा वर्षांत इतकी नीट जुळून आलेली गोष्ट दुसरी नव्हती. तिला काही करायचंही नव्हतं, फक्त गाडी सुरू करायची होती.

दाराजवळच्या काचेतून खड्ड्यातलं पाणी दिसत होतं. हिरवं, जागच्या जागी कुजलेलं, काठाला कागदी पेले अडकलेले. हा खड्डा खणला तेव्हा नॉर्बर्ट रोज दुपारी चिखलाने भरलेले बूट घेऊन तिच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी यायचा आणि उरलंसुरलं काहीतरी मागायचा. ती त्याला सकाळचं मांसाचं सँडविच द्यायची. आणि आई गेली त्या दुपारी त्याच बुटांनी तो बोटीवर आला होता. दारं बंद होती तरी आला. मीच खणलंय हे, असं पहारेकऱ्याला सांगून आला. गालिच्यावर चिखल उमटवत तो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला होता आणि तिच्या यंत्राची चाकं थांबेपर्यंत गप्प राहिला होता. मग म्हणाला होता, "इर्मा, आई गेली. चल." त्यानंतर त्या दुपारबद्दल तो एक शब्द कधी बोलला नाही.

आणि त्याला तिने येतेय असं सांगितलं होतं.

ती परत आली. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मिस इर्मा," रॉयस म्हणाला, "नका. वर कॅमेरा आहे. मला बटण दाबावंच लागेल."

"दाब की. तुझं कामच आहे ते."

"लहानपणी तुम्ही मला दोनदा खीर वाढायचात हो."

"तेव्हाही तू असाच रडवेला असायचास म्हणून वाढायचे." आणि तिने पट्टी ओलांडली.

पाय टाकल्याबरोबर तो आवाज तिच्या अंगात शिरला, हजार लहान घंटा, आणि बोटांची टोकं आपोआप हलली. त्यांची तिला चीड आली. तिने हात कोटाच्या खिशात कोंबले आणि तिसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली.

थेक्लाने वर पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर आनंदच होता, बाजी जिंकल्याचा.

"बघा कोण आलं. मरेपर्यंत येणार नव्हतीस ना तू?"

"नॉर्बर्ट जातोय. तासभर असेल. तुला विचारतोय. ऊठ."

"नाताळात पण..."

"थेक्ला, मी इथे उभी आहे. तुला आणखी कसली शपथ पाहिजे?"

थेक्लाने मागे पाहिलं. बोटीवर राज्याच्या हायवे पोलिसांचा एक माणूस कायम असतो. तो टोपी सारखी करत रांगेच्या टोकाशी येत होता, घाई न करता, पळून जाणारं कोणी नाही हे माहीत असल्यासारखा. मग थेक्लाने इर्माकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा आनंद उतरला होता. तरी तिचा हात बटणावर होता, आणि तो हात एकदा दाबला गेला. चाकं फिरली. दोघींनीही ती थांबेपर्यंत पाहिलं.

"बस तीन वाजता सुटते," थेक्ला म्हणाली. आवाज बदलला होता. "माझ्याकडे गाडी नाही."

इर्माने खिशातून किल्ल्या काढल्या. "माझी घे. हिरवी फोर्ड, दारासमोर आहे. ब्रेक हळू दाब, नाहीतर काचेवर आदळशील."

"आणि तू?"

पोलीस येऊन शेजारी उभा राहिला. "मॅडम, माझ्याबरोबर यावं लागेल," तो म्हणाला.

"मी फेरीवर आहे," इर्मा थेक्लाला म्हणाली. "जा."

थेक्ला पर्स उचलून गेली. पट्टी ओलांडताना तिने मागे पाहिलं नाही.

कचेरीत पोलिसाने कपाटातून कागद काढला. त्यावर १९९७ सालची इर्मा होती, काळ्या केसांची, डोळे सुजलेली. खाली सही.

"ही तुमचीच?"

"माझीच."

"वाचून केली होतीत?"

"दोनदा वाचून."

"मग का आलात?"

"बहिणीला निरोप द्यायचा होता."

"बारा वर्षं एकदाही आला नाहीत, हे दिसतंय इथे. माझ्या हातात असतं तर सोडलं असतं." त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि तो लिहीत होता.

"सोडू नका," इर्मा म्हणाली. "नियम मीच मागून घेतला होता. फक्त जरा लवकर लिहा."

पण त्याला लवकर लिहिता येत नव्हतं. तो दोन बोटांनी टाइप करायचा. मग बोटांचे ठसे, मग फोटो, मग कोर्टाची तारीख. छपाईचं यंत्र अडकलं, ते उघडून त्यातला कागद काढला. भिंतीपलीकडे घंटा वाजत होत्या. दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याने तिला समन्सचा कागद दिला. रॉयसने आपल्या जागी दुसरा माणूस उभा करून तिला स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेलं.

खोलीत नर्स चादर काढत होती. जोलीन खिडकीशी होती. थेक्ला नव्हती, पाद्र्याला सांगायला गेली होती, इर्माचीच गाडी घेऊन.

"आत्या पावणेदोनला पोचली," जोलीन म्हणाली. "पंचवीस मिनिटं मिळाली त्यांना. त्याने तिचा हात धरला होता. मग त्याने विचारलं, इर्मा?"

"मग?"

"थेक्ला आत्या म्हणाली, ती बोटीवर आहे."

इर्मा खुर्चीत बसली. "एवढंच?"

"एवढंच."

"तो काय म्हणाला?"

जोलीनने विचार केला. ती खोटं न बोलणारी मुलगी होती. "काही म्हणाला नाही. एक आवाज केला. हसल्यासारखा होता. पण इर्मा आत्या, श्वास पण तसाच वाजत होता त्याचा."

शुक्रवारी माती दिल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम, बटाट्याचं सॅलड, हिरवी जेली. इर्मा कॉफीच्या भांड्यामागे उभी राहून कप भरत होती. पलीकडच्या टेबलावर जपमाळेच्या बायकांनी थेक्लाला घेरलं होतं.

"शेवटी तू होतीस जवळ, तेवढं बरं झालं," एकजण म्हणाली. "आणि इर्मा?"

"इर्मा बोटीवर होती," थेक्ला म्हणाली.

एकीने मान वळवून कॉफीच्या भांड्याकडे पाहिलं आणि नजर पटकन जेलीकडे नेली. पुन्हा, असं कोणीतरी पुटपुटलं.

इर्माने हातातला कप भरून ठेवला आणि त्या टेबलापाशी गेली. बारा वर्षांत ती पहिल्यांदाच नॉर्बर्टच्या मध्यस्थीशिवाय थेक्लाशी गावाच्या देखत बोलली.

"पुढचंही सांग त्यांना."

"पुढचं कसलं?" थेक्लाने वर पाहिलं. डोळे रडून लाल होते, आणि त्यात दया नव्हती. "मी काय खोटं बोलले? नव्हतीस बोटीवर?"

सगळं सांगायला चार वाक्यं पुरली असती. रॉयस दोन टेबलं सोडून बसला होता, त्याने होय म्हटलं असतं. पण मग कॅटफिश आला असता, मंगळवार आले असते, माशी हाकलल्यासारखा हात आला असता, आणि नॉर्बर्टच्या जेवणावर सगळ्यांनी तेच चघळलं असतं. मीठ इकडून तिकडे देणारा आता कोणी नव्हता.

"होते," इर्मा म्हणाली. "गाडीच्या किल्ल्या दे."

थेक्लाने पर्समधून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या, हातात दिल्या नाहीत. इर्माने त्या उचलल्या आणि कॉफी कोणाच्या तरी भरवशावर सोडून बाहेर पडली. गाडीची सीट पुढे ओढलेली होती. आरशाखाली मंगळवारच्या फुकट जेवणाची चिठ्ठी पडली होती, न वापरलेली. इर्माने सीट मागे घेतली, चिठ्ठी काचेबाहेर टाकली आणि घरी गेली. त्यानंतर दोघी एका टेबलावर कधी बसल्या नाहीत.

नॉर्बर्ट डोअरहॉफ मंगळवारी, १४ एप्रिल २००९ रोजी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वारला. तो एकाहत्तर वर्षांचा होता.